इंजिन निकामी होऊन विमान कोसळले. सानुग्रह रक्कम घेतल्यावर भरपाई मागता येते का?

प्रश्न : माझे पती हवाई दलात सार्जंट होते आणि मालवाहू विमानावर फ्लाइट इंजिनिअर म्हणून काम करीत. चौदा महिन्यांपूर्वी उड्डाणानंतर काही मिनिटांतच एक इंजिन निकामी होऊन त्यांचे विमान कोसळले. तेव्हा ते ३४ वर्षांचे होते. दोन दिवस आधी त्यांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवला होता. त्यात ते म्हणतात, ‘डाव्या इंजिनाचा स्नॅग (तांत्रिक बिघाड) परत आलाय, उद्या पुन्हा चेकला लावतील.’ मला सानुग्रह अनुदानाचे २५ लाख रुपये मिळाले आणि विशेष कुटुंब निवृत्तिवेतनही सुरू झाले. साध्या अर्जाने चौकशीचा अहवाल मागितला, तर तो गोपनीय असल्याचे पत्र आले. पैसे घेऊन सही केल्यावर सरकारवर दावा लावता येत नाही, असे आमचे एक नातेवाईक सांगतात. हे खरे आहे का? घरी दोन मुले आणि सासूबाई आहेत.
– एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आपल्या नातेवाइकांचे म्हणणे कायद्याला धरून नाही. सानुग्रह अनुदान आणि निवृत्तिवेतन हे सेवानियमांनुसार मिळते. कर्तव्यावर असताना मृत्यू झाला एवढे त्यासाठी पुरते आणि चूक कोणाची, हा प्रश्न तेथे विचारलाच जात नाही. नुकसानभरपाईचा दावा मात्र कोणाच्या तरी निष्काळजीपणावर उभा राहतो. म्हणून एक रक्कम स्वीकारल्याने दुसरीवरील हक्क आपोआप संपत नाही. तरीही आपण सही केलेल्या कागदाची प्रत मागवून घ्यावी. त्यावर केवळ रक्कम पोहोचल्याची नोंद असेल तर काळजीचे कारण नाही. ‘सर्व दावे पूर्ण व अंतिमरीत्या मिटले’ अशा अर्थाचे शब्द असतील तर मात्र तो कागद आपल्या वकिलांनी आधी वाचला पाहिजे.

मला खरी चिंता मुदतीची वाटते. अपघाती मृत्यूबद्दल वारसांनी करावयाचा दावा १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली येतो आणि मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ८२ नुसार तो मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांत दाखल व्हावा लागतो. म्हणजे आपल्या हाती दहा महिने आहेत. केंद्र सरकारविरुद्ध दावा लावण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार संबंधित खात्याच्या सचिवांना, येथे संरक्षण मंत्रालयाच्या सचिवांना, दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. नोटिशीचा हा काळ मुदतीतून वजा होतो हे खरे. पण इंजिनाची दुरुस्ती करणारी एखादी कंपनी प्रतिवादी झाली, तर तिच्याबाबतही ही वजावट मिळेल असे गृहीत धरू नये. मूळ दोन वर्षांच्या आतच दावा दाखल झाला पाहिजे, हे धरून चालावे. अहवाल मिळेपर्यंत थांबू, असा विचार मनात असेल तर तो कृपया सोडून द्यावा; अशा प्रकरणांत हक्क बुडतात ते बहुधा याच थांबण्यामुळे.

आता दाव्याच्या गाभ्याकडे येऊ. इंजिन निकामी झाले एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. पक्षी आत शिरल्याने, इंधनात भेसळ वा पाणी असल्याने, देखभालीतील चुकीमुळे किंवा मुळातच सदोष भागामुळे इंजिन बंद पडू शकते आणि यांतील प्रत्येक कारणाला जबाबदार व्यक्ती वेगळी असते. शिवाय दोन इंजिनांच्या मालवाहू विमानाने एक इंजिन गमावूनही सुरक्षित उतरावे, अशी अपेक्षा असते. त्यामुळे ते इंजिन का बंद पडले याबरोबरच उरलेल्या इंजिनावर विमान का तरले नाही, हेही न्यायालय विचारील. भार किती होता, त्या दिवशीचे तापमान किती होते, बंद इंजिनाच्या पंख्याची पाती फेदर झाली का (म्हणजे हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून वाऱ्याच्या दिशेत वळली का), याची उत्तरे कागदोपत्री नोंदींत सापडतात. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे विमानाचा फॉर्म ७००. त्यात प्रत्येक बिघाड, त्यावर केलेले काम आणि विमान उड्डाणास योग्य असल्याची सही असते. आपल्या पतींनी सांगितलेला स्नॅग त्यात नोंदलेला असेल आणि तो दूर न करताच विमान सोडले गेले असेल, तर आपली बाजू बळकट होते. इंजिनाचे शेवटचे ओव्हरहॉल कोठे झाले हेही पाहावे लागेल, कारण ते काम हवाई दलाच्या कानपूरसारख्या बेस रिपेअर डेपोत झाले की एखाद्या कंपनीकडे, यावर प्रतिवादी कोण हे ठरते.

सरकारचा पहिला बचाव सार्वभौम कार्याचा असेल, म्हणजे संरक्षणासारख्या केवळ राज्यसत्तेच्या कामातील चुकीबद्दल भरपाई मागता येत नाही, असा. कस्तुरीलाल प्रकरणात, १९६४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला होता. मात्र १९९४ च्या नागेंद्र राव निकालाने त्याची व्याप्ती बरीच आकसली. पंजाब उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तर १९६२ मध्येच, लष्करी इमारतींसाठी कोळसा वाहणाऱ्या लष्करी ट्रकने झालेल्या अपघाताला हा बचाव लागू होत नाही, असे ठरवले होते. आपल्याला सर्वांत जवळचा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये दिलेला आहे. विंग कमांडर संजीत सिंग कैला यांचे मिग-२१ विमान जानेवारी २००५ मध्ये राजस्थानात कोसळले. ते बचावले, परंतु लढाऊ विमान पुन्हा चालवू शकले नाहीत. अपघाताचे मूळ निर्मितीतील निकृष्ट कामात असल्याचे दिसल्यावर न्यायालयाने उत्पादक सरकारी कंपनीला ५० लाख आणि केंद्र सरकारला ५ लाख रुपये देण्यास सांगितले. सैनिक धोका पत्करतो, पण सदोष यंत्रामुळे येणारा वाजवीपेक्षा अधिक धोका त्याच्या माथी मारता येत नाही, हे त्या निकालाचे सूत्र आहे. तो रिट याचिकेतील, म्हणजे थेट उच्च न्यायालयात केलेल्या अर्जावरील, निकाल होता. आपल्या प्रकरणात वस्तुस्थिती वादग्रस्त असल्याने मी दिवाणी दावाच आधी सुचवीन. अहवालात स्पष्ट दोष नोंदलेला आढळला तर रिटचा मार्गही खुला राहतो. दावा बहुधा साताऱ्यात चालणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ नुसार तो अपकृत्य (नुकसान करणारी चूक) जेथे घडले किंवा प्रतिवादी जेथे आहे, तेथील न्यायालयात लावावा लागतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरील निरोपाला आपण समजता त्याहून अधिक मोल आहे. मृत व्यक्तीने आपल्या मृत्यूस कारण झालेल्या परिस्थितीविषयी केलेले कथन भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम २६ खाली ग्राह्य ठरू शकते आणि बोलताना त्यांना मृत्यूची चाहूल असणे आवश्यक नाही. ज्या विमानाविषयी ते बोलत होते तेच कोसळले, हा दुवा मात्र स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागेल. ज्या मोबाइलवर तो निरोप आला, तो विकू नये, फॉरमॅट करू नये आणि मुलांच्या हाती खेळायलाही देऊ नये. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत याच अधिनियमाच्या कलम ६३ नुसार द्यावयाचे प्रमाणपत्र त्या उपकरणाशी जोडलेले असते. तो निरोप नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरवणेही टाळावे.

अहवालाविषयी सांगायचे तर, नागरी विमान अपघाताच्या तपासाचे अहवाल सर्वांसाठी प्रसिद्ध होतात; लष्करी विमानांना ते नियम लागू नसल्याने तेथे कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे दलाची अंतर्गत चौकशी, होते आणि तिचा अहवाल आपोआप कुटुंबाच्या हाती येत नाही. परंतु साध्या अर्जाला आलेला नकार हा माहिती अधिकाराखालील नकार नव्हे. दहा रुपये शुल्क भरून रीतसर अर्ज करावा. त्यात संपूर्ण कामकाज न मागता अपघाताच्या कारणाविषयीचा निष्कर्ष आणि इंजिनाच्या ओव्हरहॉलच्या तारखा एवढेच मागावे, म्हणजे सुरक्षेचा आक्षेप आला तरी माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० नुसार संवेदनशील मजकूर वगळून उरलेला भाग मागता येतो. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा नकार आल्यास पुढील तीस दिवसांत पहिले अपील करावे.

निवृत्तिवेतनाचा वर्गही एकदा तपासावा. विशेष कुटुंब निवृत्तिवेतन अंतिम वेतनाच्या ६० टक्के असते. ते उड्डाण सरकारने खास अधिसूचित केलेल्या मोहिमेचा भाग असेल तर संपूर्ण वेतनाइतक्या उदारीकृत निवृत्तिवेतनाचा हक्क निर्माण होऊ शकतो. त्यासाठी आधी हवाई दलाच्या अभिलेख कार्यालयाकडे लेखी निवेदन द्यावे आणि ते फेटाळल्यास सहा महिन्यांत सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे जावे.

भरपाईची रक्कम ठरवताना ३४ वर्षे वयासाठी १६ हा गुणक (वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणतात तो आकडा) मोटार अपघातांच्या प्रकरणांत वापरला जातो आणि तोच हिशेब येथेही आधार म्हणून मांडता येईल. आयुर्विम्याची रक्कम त्यातून वजा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाविरुद्धच्या हेलन रिबेलो प्रकरणात ठरवले. सानुग्रह रकमेच्या वजावटीवर मात्र सरकार जोर देईल आणि तेथे आपल्याला थोडी तडजोड करावी लागेल, असे मला वाटते.

शेवटचा मुद्दा सासूबाईंचा. १८५५ च्या कायद्याने पत्नी, मुले आणि आईवडील या सर्वांसाठी एकच दावा चालतो. त्याच कारणासाठी दुसरा लावता येत नाही. त्यामुळे नोटिशीतच आपल्यासह दोन्ही मुलांचे आणि सासूबाईंचे नाव घालावे, आणि घरातील कोणी वेगळा वकील गाठण्याच्या विचारात असेल तर नोटीस पाठवण्यापूर्वीच एकत्र बसून ते मिटवावे.