१५ जणांच्या ऑफिसात सगळ्यांनाच अ‍ॅडमिन केलं तर काय बिघडतं?

तुम्ही विचारलंय की माणसं सगळी विश्वासातली, मग खरेदी-मंजुरीच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळे रोल, म्हणजे कुणाला काय करता येईल याचे ठरलेले अधिकार, हवेतच कशाला आणि ठेवायचेच तर किती. 'विश्वासातली' हा शब्द वाचला आणि लिहायला बसलो.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी नऊ वर्षं स्टोअरला होतो. मागणी मी टाकायची, मंजुरी मॅनेजरची, पीओ (खरेदीची ऑर्डर) परचेसचा, माल आला की जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) माझा, बिल पास करायचं अकाउंट्सनं. पण सॉफ्टवेअरमध्ये आत जायचो आम्ही सगळेच 'अ‍ॅडमिन' या एका नावानं, ज्याला सगळे अधिकार असतात. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. वेगळे लॉगिन करूया असं मी मालकांना दोनदा सांगितलं. उत्तर ठरलेलं: "आपण घरातली माणसं. घरात काय खोलीखोलीला कुलूप लावतोय?"

एका दसऱ्याच्या तोंडावर फेरोसिलिकॉनचं (ओतकामात लागणारा मिश्रधातू) ४० पिशव्यांचं बिल पास झालं. स्टोअरमध्ये होत्या २५. मी जीआरएन २५ चाच केलेला, नंतर कुणीतरी तो ४० केला. नोंदीत नाव काय? अ‍ॅडमिन. म्हणजे हिशेब असा झाला की आल्या ४०, मग १५ स्टोअरमधून गेल्या कुठं? तोंडावर चोर कुणी म्हटलं नाही. पण त्यानंतर मी माल मोजला की मागून दुसरा माणूस मोजायचा. पंचगंगेचा पूल ओलांडून घरी येताना रोज डोक्यात एकच, आपण केलं नाही हे दाखवायचं कसं? दिवाळीनंतर ऑडिटरनं गेटचं इनवर्ड रजिस्टर मागवलं. त्यात २५ होत्या. मी सुटलो. आकडा कुणी बदलला ते आजतागायत कळलेलं नाही.

म्हणून सांगतो, अधिकार वाटून देणं म्हणजे अविश्वास नव्हे. प्रामाणिक माणसाकडं स्वतःला वाचवायला दुसरं काही नसतं. मालकांनी हे कधी मानलं नाही. बँकेतला मेकर-चेकर, म्हणजे एकानं एंट्री टाकायची आणि दुसऱ्यानं तपासायची, त्यांना चालायचा, स्वतःच्या ऑफिसात तोच अपमान वाटायचा! कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३ पासून बदलांची नोंद ठेवणं सक्तीचं झालंय, ती बंदही करता येत नाही. पण त्या नोंदीत पाच जणांचं मिळून एकच नाव असेल तर ती काय कामाची?

रोल माणसाला नाही, कामाला द्यायचा. माणूस बदलला की फक्त रोल काढून दुसऱ्याला लावायचा. फेरायोलो आणि कुन या अमेरिकी संशोधकांनी १९९२ साली ही पद्धत मांडली ती याच सोयीसाठी. जीआरएन एकदा केला की तो बदलता येऊ नये. चुकलं तर रद्द करून नवा. आणि ज्याच्याकडं अ‍ॅडमिन आहे त्यानं त्या लॉगिननं रोजची एंट्री करूच नये. मालक असला तरी.

किती रोल हे तुमचं काम बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. १५ जणांत एकाकडं दोन रोल येणारच, त्याला इलाज नाही. फक्त स्वतः टाकलेली मागणी स्वतःच मंजूर करता येऊ नये. कुणी रजेवर गेला तर त्याचा रोल तेवढ्या तारखांपुरता दुसऱ्याला द्या, पासवर्ड सांगून जाऊ देऊ नका. आमच्याकडं तो पाच जणांत पोचला तो अशाच एका चार दिवसांच्या रजेत.