चुकून निघालेला आवाज

प्रिय दोस्त,

तुझी अकरा मिनिटांची रचना तीनदा ऐकली, तिसऱ्यांदा दिवे मालवून. ड्रमरचा हात सुरेख आहे, त्याला सांग. गिटारही चढत जाते. पण पाचव्या मिनिटाला सिंथ (सिंथेसायझर) आला आणि तोवर साचलेली सगळी धास्ती निघून गेली. जिवंत माणसं सातच्या तालात झगडताहेत आणि मागे यंत्रात आधीच भरून ठेवलेला एक आज्ञाधारक आवाज, एक प्रीसेट, मख्खपणे वाजतोय. तो कुणाचं ऐकतच नाही!

खर्जातला घुमारा आणि रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या दालनातल्यासारखी गुंज, ओतला की संगीत काळोखं होतं, असं मीही तुझ्या वयात समजत होतो. काळोख दाटतो तो पुढच्या क्षणी हे यंत्र काय करेल याचा भरवसा उरला नाही की. टँजरीन ड्रीम या जर्मन बँडचा १९७४ सालचा 'फीड्रा' हा अल्बम ऐक. मूग सिंथचे ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारे भाग, तापत गेले तसे सूर सरकले, आणि ते सरकणं त्यांनी तबकडीवर तसंच राहू दिलं.

पिंक फ्लॉइडचं 'ऑन द रन' तुला पाठच असेल. १९७३ साल, सिंथी एकेएस नावाचा सिंथ, आणि ठरवलेले सूर पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या सिक्वेन्सरमध्ये फक्त आठ सूर, भरधाव पळवलेले. सूर बदलत नाहीत, आवाज उजळ किंवा मंद करणारा फिल्टर हलत राहतो. तुझ्याकडे तर सातचा ताल आहे. त्यावर आठ पायऱ्यांचा सिक्वेन्स सोडलास तर दोघांची सम छप्पन्न मात्रांनी जुळेल. तोवर कान अस्वस्थ राहील, आणि तुला तेच हवं आहे. फक्त ड्रमरच्या हेडफोनमध्ये सिक्वेन्सर आठवणीने दे. एकदा मी तो दिला नव्हता. मंचावर अर्ध्या मात्रेने घसरलो आणि शेवटपर्यंत सावरलोच नाही.

आता रिंग मॉड्युलेटर, दोन आवाज एकमेकांशी गुणणारं यंत्र. गिटारचा ४४० हर्ट्झचा सूर आणि ऑसिलेटरची १०० हर्ट्झची लाट त्यात घातली की बाहेर ५४० आणि ३४० येतात. बेरीज आणि वजाबाकी. मूळ दोन्ही गायब. हे नवे सूर कुठल्याच ओळखीच्या स्वरसप्तकात नीट बसत नाहीत, म्हणून आवाज घंटेसारखा, जरा परग्रहावरचा वाटतो. एकच सूर धरून ठेव आणि ऑसिलेटरचा नॉब अगदी सावकाश फिरव. दोन मिनिटं काढ. कंटाळा आला तरी थांबू नकोस. कंटाळ्याच्या पलीकडेच काहीतरी निघतं.

डिलेबद्दल, म्हणजे आवाज उशिराने परत ऐकवण्याबद्दल, विचारलं होतंस. गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि संगीतकार ब्रायन ईनो यांनी दोन टेपयंत्रं शेजारी ठेवली होती: पहिल्यावर ध्वनिमुद्रण, तीच टेप पुढे दुसऱ्यावर, आणि तिथला आवाज परत पहिल्याकडे. टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर चालत असेल आणि दोन्ही हेडमध्ये ९५ सेंटिमीटर अंतर असेल, तर आवाज पाच सेकंदांनी परततो. संगणकावर हे चुटकीसरशी जमतं, पण फारच स्वच्छ येतं. फीडबॅकच्या, म्हणजे आवाज परत पहिल्याकडे जाण्याच्या, वाटेत एक फिल्टर आणि वेगाची किंचित थरथर घाल, म्हणजे प्रत्येक फेरीत आवाज थोडा झिजेल. फीडबॅक वाढवताना मात्र दुसरा हात आवाज कमी करणाऱ्या फेडरवर हवा. स्पीकर बदलता येतो, कान नाही.

संगणकावरचं नवीन प्लगइन घेऊ नकोस. (हे वाचून तू हसणार, माझ्याकडची यंत्रं पाहिलेली आहेस.)

पुढच्या वेळी सिंथचा ट्रॅक वेगळा पाठव. आणि त्या रात्री केबल सैल असल्यामुळे निघालेला जो आवाज पुसून टाकल्याचं लिहिलं आहेस, तो अजून कुठे उरला असेल तर आधी तो.

तुझा,
जुना सिंथवाला