'सेन्सॉर'चं गोत्र

प्रश्न : 'अमेरिकी सरकारने १९३० मध्ये हेज कोड हा सेन्सॉर कायदा आणला' असं वाचलं. इथे 'कोड'ला 'कायदा' म्हणणं बरोबर आहे का?

नाही. तो कायदाही नव्हता आणि सरकारने आणलेलाही नव्हता. विल हेज हा हॉलिवूडच्या निर्मात्यांच्याच संघटनेचा पगारी अध्यक्ष, आणि पडद्यावर काय दाखवू नये याची ही नियमावली त्याच संघटनेची. कित्येक राज्यांची सरकारी मंडळं कात्री घेऊन बसलेली, आणि सुप्रीम कोर्टाने १९१५ मध्येच सिनेमाला निव्वळ धंदा ठरवून अभिव्यक्तिस्वातंत्र्य नाकारलेलं. मग परक्याने कापण्यापेक्षा घरातच कापलेलं बरं, असा हा व्यापारी हिशेब. 'आचारसंहिता' म्हणा, विषय संपला.

खरी गंमत 'सेन्सॉर'मध्ये आहे. (आणि कृपया 'सेन्सर' लिहू नका! सेन्सर दारावर बसवतात. त्याचं मूळ 'सेन्तिरे', म्हणजे जाणवणे.) सेन्सॉर येतो लॅटिन 'सेन्सेरे'वरून : मोल ठरवणे, मत देणे. रोममध्ये सेन्सॉर म्हणजे शिरगणती करणारा अधिकारी, 'सेन्सस' त्यातलाच. माणसं मोजता मोजता त्यांची चालचलणूकही तोच तपासायचा आणि पसंत पडली नाही तर नावापुढे खूण करायचा. इ.स.पू. १८४ मध्ये या पदावर आलेल्या केटोने एका सिनेटरला काढून टाकलं. गुन्हा काय, तर भरदिवसा, मुलीदेखत बायकोचं चुंबन घेतलं! असं प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. आता हेज कोड उघडा : 'अतिरेकी आणि कामुक चुंबनं' वर्ज्य. (तीन सेकंदांचा नियम जो तो सांगतो, तो संहितेत कुठेच नाही.)

म्हणून माझ्या मते कोड राबवणारा जोसेफ ब्रीन हाच अस्सल रोमन सेन्सॉर. हातात तुरुंग नाही, फक्त खूण. १९३४ पासून त्याच्या कचेरीची मोहर नसताना चित्रपट दाखवला तर सदस्य कंपनीला २५,००० डॉलर दंड होता. पण धाक दंडाचा नव्हेच. मोक्याची थिएटरं स्टुडिओंच्याच मालकीची, त्यामुळे मोहर नाही तर पडदा नाही. सुप्रीम कोर्टाच्या १९४८ च्या निकालानंतर स्टुडिओंना थिएटरं सोडावी लागली आणि मोहरेतला दम गेला. १९६८ मध्ये कोड जाऊन प्रेक्षकांच्या वयानुसार श्रेणी आल्या.

राहता राहिले शुद्धिवादी. 'सेन्सॉर परका, परिनिरीक्षण म्हणा' हा त्यांचा धोशा. त्यांनी जरा धातुपाठ चाळावा. 'सेन्सेरे' आणि संस्कृत 'शंस्' एकाच मूळ धातूचे. म्हणजे 'प्रशंसा' ही सेन्सॉरची सख्खी चुलतबहीण. तिलाही हाकलणार का?