करविषयक प्रश्नोत्तरे: सट्ट्यात लागले, कर राहिला

प्रश्न: मी लातूरला खासगी नोकरीत आहे. २०२३-२४ मध्ये एका परदेशी साइटवर क्रिकेटचा सट्टा खेळून ३ लाख १० हजार काढले. त्यात १ लाख १० हजार मी स्वतः भरलेले. त्याच वर्षी एका रमी अ‍ॅपवर ९० हजार घालवले. टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कुठेच कापला गेला नाही. पगाराचं करपात्र उत्पन्न ६ लाख ४० हजार होतं. नव्या करपद्धतीने आयटीआर-१ (साधं विवरणपत्र) वेळेत भरला, कर शून्य आला. सट्ट्याचे पैसे दाखवले नाहीत. मित्र म्हणतो, वडिलांची तीन एकर आहे, शेतीचं उत्पन्न म्हणून दाखव. चालेल का?

उत्तर: मित्राचा सल्ला आधी बाजूला ठेवा. सातबारा वडिलांचा, तेव्हा उत्पन्नही त्यांचंच. शिवाय हिशेब बसत नाही. तीन एकर कोरडवाहू सोयाबीन, एकरी आठ क्विंटल धरलं तरी चोवीस क्विंटल. त्या वर्षीचा हमीभाव ४,६०० रुपये, म्हणजे १ लाख १० हजार, तेही बी-खत-मजुरी वजा न करता. चौकशी लागली तर अधिकारी आडत्याची पट्टी मागतो, ई-पीक पाहणीची नोंद मागतो आणि खात्यात पैसे बाजार समितीच्या व्यापाऱ्याकडून आले की कुणा अनोळखी यूपीआयवरून, तेही बघतो. जाणूनबुजून खोटं दाखवलं असं ठरलं तर कलम २७०ए खाली कराच्या दुप्पट दंड बसतो, कर आणि व्याज वेगळंच.

आता खरा हिशेब. ऑनलाइन खेळातली निव्वळ जिंक (जिंकलेली रक्कम) १ एप्रिल २०२३ पासून कलम ११५बीबीजे खाली येते. सरळ ३० टक्के, वर ४ टक्के उपकर. काढलेल्या रकमेतून त्याच साइटवर भरलेली रक्कम वजा होते, म्हणून तुमची जिंक २ लाख. ३१ मार्चला तिथल्या खात्यात शिल्लक असेल तर तीही धरावी लागते. रमीतले ९० हजार मात्र यातून वजा होत नाहीत. एका साइटवरचं नुकसान दुसरीवरच्या जिंकीला लावता येत नाही.

बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट पुढेच आहे. तुमचा पगारावरचा कर शून्य आला तो कलम ८७ए च्या सवलतीमुळे, आणि ती सवलत एकूण उत्पन्न ७ लाखांपर्यंतच होती. जिंक मिळवली की एकूण ८ लाख ४० हजार. सवलत गेली, पगारावरचे १९ हजार जागे झाले. जिंकीचे ६० हजार आणि हे १९ हजार मिळून ७९,०००, उपकरासह ८२,१६०.

मूळ विवरणपत्र सुधारायची मुदत संपली आहे. उरतो तो आयटीआर-यू, म्हणजे अद्ययावत विवरणपत्र. २०२३-२४ साठी ते ३१ मार्च २०२९ पर्यंत भरता येतं, पण उशिराची किंमत चढत जाते: कर आणि व्याज मिळून होणाऱ्या रकमेवर जादा कर ३१ मार्च २०२६ पर्यंत २५ टक्के, २०२७ पर्यंत ५०, २०२८ पर्यंत ६०, २०२९ पर्यंत ७० टक्के. समजा सप्टेंबर २०२६ मध्ये भरलंत. कलम २३४बी चं (आगाऊ कर न भरल्याचं) महिना १ टक्का व्याज, एप्रिल २०२४ पासून ३० महिने, शंभराखालचे रुपये सोडून २४,६३०. कर-व्याज मिळून १,०६,७९०, त्यावर निम्मा जादा कर ५३,३९५. एकूण १,६०,१८५. कलम २३४सी चं (आगाऊ कराचे हप्ते चुकल्याचं) व्याज चार हजारांच्या आसपास आणि त्याचं निम्मं आणखी धरा.

पैसे आधी भरायचे, विवरणपत्र नंतर. आयकर पोर्टलवरच्या ई-पे टॅक्समध्ये निर्धारण वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षाचं पुढचं वर्ष, २०२४-२५ निवडा (इथे २०२३-२४ निवडून चलन चुकीच्या वर्षात टाकणारे पुष्कळ), प्रकार ३०० (स्वयंनिर्धारण कर). मग आयटीआर-यू सोबत आयटीआर-१ नव्हे, आयटीआर-२ भरा. कारण म्हणून 'उत्पन्न बरोबर दाखवलं नाही' हा पर्याय. जिंक 'इतर उत्पन्न' परिशिष्टात ऑनलाइन खेळांच्या वेगळ्या ओळीत टाका आणि विशेष दराच्या परिशिष्टात ३० टक्क्यांनी आली का ते तपासा. एका वर्षासाठी हे एकदाच भरता येतं, म्हणून त्या वर्षाचं व्याज-लाभांश वगैरे काही राहिलं असेल तर याच फेरीत घ्या. हप्त्यांची सोय इथे नाही. विभागाचा आठवणीचा एसएमएस म्हणजे नोटीस नव्हे. पण पोर्टलवर कलम १४८ए ची (जुनं प्रकरण पुन्हा उघडण्याआधीची) नोटीस पडलेली दिसली तर काहीही भरण्याआधी सनदी लेखापालाला दाखवा.

प्रश्न: परभणीजवळ शेती करतो. राज्य लॉटरीचं १ लाखाचं बक्षीस लागलं, ३० हजार कापून ७० हजार मिळाले. दुसरं उत्पन्न नाही. कापलेले परत मिळतील का?

उत्तर: नव्या करपद्धतीत नाही. लॉटरीला कलम ११५बीबी लागतं. त्यात मूळ सूट मर्यादा नाही, ८०सी ची (गुंतवणुकीची) वजावट नाही, तिकिटांचा खर्चही वजा नाही. उलट टीडीएसमध्ये उपकर कापला जात नाही, त्यामुळे १,२०० रुपये तुमच्याकडूनच येणं आहे. वर्षभरातला टीडीएस २५ हजारांवर गेला (ज्येष्ठांना ५० हजार) की विवरणपत्र भरणं सक्तीचं, उत्पन्न कितीही कमी असो. आयटीआर-२ भरा, शेतीचं उत्पन्न करमुक्त परिशिष्टात दाखवा. भरण्याआधी २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) उघडून कापलेले ३० हजार तुमच्याच पॅनवर जमा आहेत का ते बघा. नसतील तर आधी बक्षीस देणाऱ्याकडे पाठपुरावा करा.

प्रश्न: मटका बेकायदाच आहे, मग त्याच्या पैशाला कर कसला? (बीड)

उत्तर: आयकर कमाई कायदेशीर की बेकायदा हे बघत नाही. मटक्यालाही तेच ३० टक्के, लावलेले पैसे वजा नाहीत. आणि कर भरला म्हणून जुगारबंदी कायद्याखालची कारवाई टळत नाही.