स्कूल बोर्डाच्या सभेत आपले काम काय?

प्रश्न : आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. मुलगी चौथीत आहे, मुलगा बालवर्गात. आमच्या डिस्ट्रिक्टने (म्हणजे गावातील सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेने) पुढील वर्षापासून संगीत शिक्षक कमी करण्याचे आणि शाळेजवळ राहणाऱ्या मुलांची बस बंद करण्याचे ठरवले आहे. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्कूल बोर्डाने, म्हणजे डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाने, पैसा दडवल्याचे आरोप रोज होत आहेत. नोव्हेंबरच्या निवडणुकीत एक भारतीय गृहस्थ उभे राहणार असून ‘आपल्या माणसाला’ निवडून आणा, असा आग्रह चालला आहे. माझे पती एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आहे; दीर अमेरिकन नागरिक असून याच गावात राहतात. आम्ही यात पडावे की नाही?

उत्तर : पडावे, परंतु ग्रुपवरून नव्हे, आणि आरोपांच्या बाजूने तर मुळीच नव्हे. आधी पैसा कुठे आटला, हे समजून घेतले पाहिजे.

न्यू जर्सीत शाळांचा खर्च मुख्यतः गावाच्या मालमत्ताकरातून आणि उरलेला राज्याच्या अनुदानातून भागतो. २००८ च्या शाळा निधी कायद्याने प्रत्येक गावाची ऐपत ठरवण्याचे सूत्र घालून दिले. त्यात गावातील मालमत्तेचे मूल्य आणि रहिवाशांचे उत्पन्न या दोन्हींचा हिशेब होतो. त्या कायद्याने काही डिस्ट्रिक्टना जुन्या पातळीचे अनुदान संक्रमणकाळापुरते राखून दिले होते, ते २०१८ च्या दुरुस्तीने सात वर्षांत टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आले. जर्सी सिटी, टॉम्स रिव्हर यांसारख्या अनेक डिस्ट्रिक्टना त्याचा मोठा फटका बसला. यातली गंमत अशी की, ज्या घराची किंमत वाढली म्हणून आपण घरगुती बैठकीत समाधान व्यक्त करतो, तीच वाढ गावाची कागदावरची ऐपत वाढवते आणि राज्याचे अनुदान घटवते. गाव श्रीमंत झाले म्हणून बोर्ड मनाला येईल तेवढा कर वाढवू शकते, असेही नाही. शाळेच्या करातील वार्षिक वाढीवर साधारणपणे दोन टक्क्यांची मर्यादा आहे आणि ठरावीक सवलतींपलीकडे ती ओलांडायची तर मतदारांचा कौल घ्यावा लागतो. पगार, आरोग्यविमा आणि बसचे ठेके मात्र दोन टक्क्यांच्या आत थांबत नाहीत. ही कोंडी भ्रष्टाचाराविनाही होते. डिस्ट्रिक्टला शिल्लक किती ठेवता येईल, यालाही कायद्याची मर्यादा आहे, त्यामुळे ‘पैसा दडवला’ हा आरोप करण्यापूर्वी ताळेबंदातील शिल्लक पाहावी.

आता संगीत आणि बसच का, हे पाहू. विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षण संघराज्याच्या कायद्याने बंधनकारक आहे. त्यात काटछाट करता येत नाही, आणि करूही नये. बसच्या बाबतीत राज्याचा नियम असा की, आठवीपर्यंतचे मूल शाळेपासून दोन मैलांहून अधिक आणि हायस्कूलचे मूल अडीच मैलांहून अधिक अंतरावर राहत असेल, तरच बस देणे डिस्ट्रिक्टवर बंधनकारक असते. त्याहून जवळच्या मुलांची बस ही बोर्डाने आपणहून दिलेली सवलत असते. ज्याला कायद्याचे कवच नाही, त्यावर पहिली कुऱ्हाड पडते: सवलतीची बस, संगीत, ग्रंथपाल, परकीय भाषा, नववीचे खेळ. म्हणून सभेत उभे राहून ‘आमची बस काढू नका’ एवढेच म्हटल्याने काही साधत नाही, कारण तुमच्यामागे उभा असलेला पालक ‘आमचे संगीत काढू नका’ म्हणणार असतो आणि बोर्डाला दोघांचेही खरेच वाटत असते. त्यापेक्षा तुमच्या घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत एकदा चालत जाऊन पाहावे. मोठा रस्ता ओलांडावा लागत असेल, मध्ये फुटपाथ तुटत असेल, तर तसे छायाचित्रांसह लिहून द्यावे. कमी अंतर असूनही धोक्याच्या ठरलेल्या वाटांचा विचार वेगळा करता येतो, आणि तो नगरपालिकेच्या पोलिसांशी बोलून होतो, घोषणांनी होत नाही.

वेळेबाबत आपले लोक हटकून चुकतात. गव्हर्नरचे अर्थसंकल्पीय भाषण फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये होते आणि त्यानंतर लगेच प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या अनुदानाचा आकडा जाहीर होतो. मार्चमध्ये बोर्ड प्राथमिक बजेट मंजूर करून काउंटीच्या शिक्षणाधिकाऱ्याकडे पाठवते. जाहीर सुनावणी एप्रिलअखेर किंवा मेच्या आरंभी होते, आणि कायम न झालेल्या शिक्षकांना पुढच्या वर्षी ठेवणार की नाही, हे १५ मेपर्यंत कळवावे लागते. सभागृह भरते ते सुनावणीच्या रात्री. तोवर आकडे जवळपास बसलेले असतात. सगळी गर्दी वरातीमागून घोडे नाचवते. जानेवारी-फेब्रुवारीच्या सभा रिकाम्या असतात, आणि शब्दाला वजन असते ते त्याच सभांत. राज्याच्या नियमाने डिस्ट्रिक्टला सामान्य माणसाला समजेल असा बजेटचा गोषवारा संकेतस्थळावर ठेवावा लागतो. तो छापून घ्यावा, गेल्या वर्षाच्या गोषवाऱ्याशेजारी ठेवावा आणि जिथे आकडा मोठा हलला असेल, त्या एका ओळीबद्दल विचारावे. नागरिकांना बोलण्यासाठी बोर्डाच्या सभेत वेळ राखून ठेवणे कायद्याने आवश्यक आहे. बहुधा प्रत्येकाला मोजकी मिनिटेच मिळतात, म्हणून एकच प्रश्न लिहून न्यावा आणि तोच लेखी स्वरूपात बोर्डाच्या सचिवाकडे द्यावा.

येथे तुमच्या व्हिसाचा प्रश्न येतो. सभेत बोलायला, कागदपत्रे मागायला, पीटीओमध्ये (पालक-शिक्षक संघटनेत) काम करायला नागरिकत्व लागत नाही. मत देणे मात्र न्यू जर्सीत फक्त नागरिकांचे काम आहे. सॅन फ्रान्सिस्कोने नागरिक नसलेल्या पालकांना स्कूल बोर्डासाठी मत देऊ दिले आहे, परंतु तो अपवाद वाचून इथे कुणी मतदार नोंदणीच्या अर्जावर सही करू नये. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर घाईत ‘नागरिक आहे’ या चौकोनावर खूण केल्यानेही ग्रीन कार्डाचा मार्ग कायमचा बंद होऊ शकतो. दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी व्यक्तीला कोणत्याही निवडणुकीत, स्कूल बोर्डाच्याही, उमेदवाराला पैसे देता येत नाहीत. त्या भारतीय गृहस्थांच्या निधीसंकलनाच्या जेवणाचे तिकीट तुमच्या पतींनी घेऊ नये, मग आमंत्रण कितीही घरचे असो.

‘आपला माणूस’ याविषयी माझे मत स्पष्ट आहे: आडनाव हा निकष नव्हे. बोर्डाचे सदस्य बिनपगारी असतात, एकट्या सदस्याला कसलाही अधिकार नसतो, जे काही होते ते बहुमताच्या ठरावाने होते. म्हणून ‘मी बस परत आणीन’ असे सांगणारा उमेदवार एक तर अज्ञानी असतो किंवा आपल्याला तसे समजतो. त्यांना एवढेच विचारावे की, बस ठेवायची तर त्याऐवजी काय कमी कराल, आणि निवडणुकीपूर्वी तुम्ही बोर्डाच्या किती सभांना हजर होता. जर्सी सिटीचा अनुभव इथे ध्यानात घ्यावा. १९८९ मध्ये राज्याने तिथला कारभार ताब्यात घेतला आणि पूर्ण स्थानिक नियंत्रण परत यायला २०२२ उजाडले. त्यानंतरही तिथल्या बोर्डाच्या निवडणुका एका बाजूला शिक्षक संघटना आणि दुसऱ्या बाजूला चार्टर शाळांचे (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांचे) समर्थक अशा रस्सीखेचीत लढल्या गेल्या. कोण कुणाच्या पैशावर उभा आहे, ते उमेदवाराच्या खर्चाच्या विवरणात दिसते. मराठी मंडळाने मात्र कुणाचा प्रचार करू नये. करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेल्या मंडळाला ते वर्ज्य आहे. सर्व उमेदवारांना बोलावून समान वेळ देता येतो, आणि मंडळाची रविवारची शाळा डिस्ट्रिक्टच्याच इमारतीत भाड्याने भरत असेल, तर तिथले भाडे वाढणार का, हा प्रश्न विचारायचा मंडळाला पूर्ण अधिकार आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी महाराष्ट्रात संस्थेच्या शाळेत शिक्षण घेतले, जिथे कारभार संस्थाचालक पाहत आणि पालक प्रगतिपुस्तकावर सही करीत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आलेली शाळा व्यवस्थापन समिती आपल्या पिढीने पालक म्हणून पाहिलीच नाही. त्यामुळे इथे संकोच वाटतो, हे स्वाभाविक आहे.

अनुदानाचे सूत्र बोर्डाच्या हातात नाही, हेही विसरू नये. ते राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला ठरते. तिथल्या विधिमंडळात तुमच्या मतदारसंघाचा एक सिनेटर आणि असेंब्लीचे दोन सदस्य आहेत. २०२४ मध्ये कपात झालेल्या डिस्ट्रिक्टना गमावलेल्या अनुदानाचा काही भाग परत देणारा कायदा विधिमंडळानेच केला. ग्रुपवर जे लिहिता, त्याचा निम्मा मजकूर त्या तिघांच्या कार्यालयांकडे पाठवावा.

तुमचे दीर मत देऊ शकतात, आणि गावात वर्षभर राहत असतील व मतदार यादीत नाव असेल, तर उभेही राहू शकतात. अर्जाची मुदत जुलैअखेर संपते. त्यांना आधी जानेवारीपासून सभांना नेऊन बसवावे. चार सभांनंतरही त्यांची इच्छा टिकली, तर अर्जाचा विचार करावा.