शिशाचं माप आणि राजाचा वाटा

प्रश्न : आप्पा, माझी नात इंग्लंडात डर्बीला शिकते. तिने जवळच्या वर्क्सवर्थ गावच्या चर्चमधला फोटो पाठवला. दगडात एक टिकाव-टोपलीवाला माणूस कोरलाय. देवाच्या दारी मजूर कसा? आणि हे गाव बाजाराचं की खाणीचं? – एक वाचक, चोपडा

उत्तर : ताई, दोन्हींचं. तो शिशाच्या खाणीतला कामगार. त्याचा दगड मूळचा शेजारच्या बोनसॉलचा, नंतर इथे आणून बसवला. ज्याच्या जिवावर गाव जगलं, त्याला तिथे जागा मिळाली, यात मला तरी काही वावगं दिसत नाही. राजाने 1086 साली करवलेल्या मोजणीतही इथल्या तीन खाणींची नोंद आहे. आठवडे बाजाराची सनद 1306 ची, पहिल्या एडवर्डची.

मला खरं अप्रूप आहे ते तिथल्या मापाचं. 1513 साली ओतलेलं काशाचं लांबट भांडं, त्यात सुमारे 14 पिंट, म्हणजे साधारण आठ लिटर, खनिज मावतं. सगळ्यांची मापं याच्याशी ताडून बघायची. तेरावं माप राजाचं, बाकीचं खाणवाल्याचं. शिसं शोधायला कुणालाही मुभा होती, जमीनमालकसुद्धा अडवू शकत नसे. फक्त दफनभूमी, बागा आणि रस्ते सोडायचे. खाण बंद ठेवली तर ती दुसऱ्याला मागता येई. हे तंटे सोडवणारी 'बारमोट' पंचायत आजही भरते. काट्यावर कापूस चढला की कडता किती धरतात याच्या धास्तीने उभा राहणारा आपला शेतकरी आठवा, म्हणजे सगळ्यांसमोर ठेवलेल्या एकाच मापाची किंमत कळेल.

पुढे खाणी खोल गेल्या आणि पाणी लागलं. ते काढायला डोंगर पोखरून बोगदे नेले. त्यातल्याच एका बोगद्याचं पाणी, जोडीला ओढ्याचं, घेऊन रिचर्ड आर्कराइट या इंग्रज गिरणीवाल्याने 1771 साली जवळच्या क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली. खुद्द वर्क्सवर्थमध्येही त्याची गिरणी होती. नातीला म्हणावं, क्रॉमफर्ड चुकवू नकोस. हातमागाला सूत कातणाऱ्या आपल्या बायाबापड्यांचा धंदा ज्या यंत्राच्या सुताने पुढे बसवला, त्याची सुरुवात तिथली. 2001 पासून तो सगळा परिसर जागतिक वारशाच्या यादीत आहे.