‘नुसतं खेळवतात, शिकवत काहीच नाहीत!’

‘मॅडम, अंगणवाडीत खाऊ देतात आणि खेळवतात. शिकवत काहीच नाहीत.’ वस्तीतल्या केंद्रावर समुपदेशनाला बसते तेव्हा दर आठवड्याला हे वाक्य कानावर पडतं. आया वेगवेगळ्या, वाक्य तेच. म्हणून ही एक हकिगत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एक आई बांधकामावर बिगारी काम करायची. मुलगी साडेचार वर्षांची. तिला अंगणवाडीतून काढून मागच्या गल्लीतल्या इंग्रजी केजीत घातलं होतं. बूट, टाय, दप्तर आणि रोज एक ते पन्नास आकडे लिहायचा गृहपाठ. तीन महिन्यांत मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली आणि वर्गात तोंड उघडेनाशी झाली. ‘मंद वाटते, कुणाला तरी दाखवा,’ असं तिथल्या बाईंनी सांगितलं. कान तपासून घेतले, ते ठीक निघाले. मग माझ्याकडे.

पहिल्या दोन भेटी मी वाया घालवल्या. मुलं खेळातून शिकतात, घरच्या भाषेतून शिकतात, बोटं तयार होण्याआधी पेन्सिल देऊ नये, असं सगळं सांगून झालं. सगळं बरोबर आणि सगळं पाठ. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

‘तुमची पोरं कुठं शिकली मॅडम?’

‘इंग्रजी शाळेत.’

‘मग?’

त्या ‘मग’वर मला काही बोलता आलं नाही. इतक्या वर्षांच्या कामात एवढा नेमका प्रश्न मला फार थोड्यांनी विचारला असेल.

तिसऱ्या भेटीत मी गप्प राहायचं ठरवलं. मुलीसमोर परातीत रेती, थोडी माती, खडे आणि एक वाटी ठेवली. बराच वेळ ती नुसती बघत बसली. मग मधे आळं करून पाणी मागितलं आणि माल कालवायला लागली. आई खेकसली, ‘शी! इथं पण तेच? त्यासाठी आणलं का तुला?’

मुलीचा हात तिथंच थांबला, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ‘शिकवत नाहीत’ ही तक्रार वरवरची होती. ‘ही माझ्यासारखी होईल’ ही खरी भीती. ज्या आईला स्वतःच्या हातांची लाज वाटते, तिला खेळाचं महत्त्व पटवून काय उपयोग?

मी म्हटलं, ‘ताई, मला खरंच माहीत नाही. काँक्रीट कसं करतात, दाखवता?’

ती नाइलाजानं खाली बसली. सिमेंट म्हणून एक वाटी माती, दोन वाट्या रेती, तीन वाट्या खडे टाकून थांबली. आणि माझ्यासमोर आजवर चकार शब्द न काढलेली मुलगी ठसक्यात म्हणाली, ‘आई, खडी चार!’

आईनं हातातल्या वाटीकडे बघितलं, मग मुलीकडे. ‘एक, दोन, चार. बरोबर आहे तिचं.’

‘कुणी शिकवलं?’

‘कुणीच नाही. कामावर बसलेली असती, बघती.’ मग जरा थांबून, ‘हिला मंद म्हणाले ना ते?’

वहीतला चार तिच्यासाठी नुसती वळणदार रेघ होती. घमेल्यातला चार तिला पक्का ठाऊक होता. आधी वस्तू, मग आकडा, हा क्रम उलटा केला की हुशार मूलही मुकं होतं. मला हे बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांच्या कामातून मिळालं. 1945 मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावी त्यांचं काम सुरू झालं. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. खडे, पानं, बिया हीच साधनं. अंगणवाडीची कल्पना तिथली. सरकारी योजना आली ती 2 ऑक्टोबर 1975 रोजी.

तरीही सगळ्याच अंगणवाड्या चांगल्या आहेत असं मी म्हणणार नाही. एक तास जाऊन बसा. भिंतीवरचे तक्ते बघू नका, मुलांचं बोलणं ऐका. गोष्ट सांगून झाल्यावर मुलं काही विचारतात का? वस्तू हाताळायला मिळतात, की कपाटात कुलपात असतात? खाऊ वाटून दार बंद होत असेल तर तुमची तक्रार रास्त आहे. आधी सेविकेशी बोला, मग पर्यवेक्षिकेकडे जा. योजनेतल्या सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक आहे, ती मागताना ओशाळायचं कारण नाही. आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणात पहिलीचं वय सहा वर्षं आहे. साडेचारव्या वर्षी पन्नासपर्यंत लिहिता आलं नाही म्हणून कुणी मागं पडत नाही.

आणि घरी? वाचता येत नसलं तरी अडत नाही. भांडी लावताना, कपडे वाळत घालताना मुलाला मोजू द्या, चुकू द्या, तुमची चूक काढू द्या. दिवसभर राबून आल्यावर वेगळा अभ्यास घ्या, असं कुठल्या तोंडानं सांगू?

मुलगी अंगणवाडीत परत गेली. अंथरूण ओलं होणं दोनेक महिन्यांत थांबलं. दप्तर मात्र तिनं सोडलं नाही. रोज पाठीला लावून जाते, आत खडे. सेविकेनं तेच खडे मोजायला घेतले, हे मला फार आवडलं.

आई अजून अधूनमधून येते. उठता उठता विचारते, ‘पण मॅडम, इंग्रजीचं काय?’ आम्ही पुन्हा बसतो.